डॉक्टरांनी पाकीट परत केलं

थोकाकूंच्या नातीची जीभ थोकाकूंनीच बांधली, हे हायपो गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते थोकाकूंच्या तोंडावर म्हणायला कुणी पुढे येत नव्हतं.

म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. घरात पोटुशी बाई असली की गर्भाचा राखणदार देव त्या घरात वावरत असतो. आज दाराशी, उद्या चुलीपाशी, परवा पलंगाखाली. तो असेल तिथे खिळा ठोकायचा नाही, कात्री चालवायची नाही, दोरी आवळायची नाही. कारण जे वस्तूला होतं ते बाळाला होतं. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण त्याच किनाऱ्यावर कालवंही पिकत, आणि कालवांना हे माहीत नव्हतं. वर्षातून एकदा जुन्या शिंपल्यांना भोक पाडून दोरीत ओवायचे, दोन शिंपल्यांच्या मध्ये एकेक गाठ मारायची आणि नवी कालवं धरावीत म्हणून त्या माळा चिखलातल्या बांबूंवर नेऊन टांगायच्या. तो हंगाम आला की गावातल्या झाडून सगळ्या बाया अंगणात शिंपल्यांच्या ढिगापाशी बसत. तेव्हा समुद्रापर्यंत नुसता चिखल पसरलेला असायचा, ओहोटीला त्यातून बैलगाड्या जायच्या, आणि गावभर ओल्या शिंपल्यांचा वास असायचा. पाहुण्यांना तो सोसत नसे. आम्हाला तो आहे हेच कळत नसे.

तर थोकाकूंची सून लेहून दिवस भरेपर्यंत गाठी मारत बसली होती. तिला तिथे बसवलं थोकाकूंनी. "देव माजघरात आहे गं, अंगणात नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. देवाचं त्या दिवशीचं बिऱ्हाड नक्की कुठे होतं, ते त्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

मुलगी झाली. गोरी, भरपूर जावळ, आवाज खणखणीत. पण दूध ओढायला लागली की तोंडातून टक्-टक् असा आवाज यायचा, निम्मं दूध हनुवटीवरून मानेत जायचं आणि पोर दमून झोपून जायची. थोड्या वेळाने उपाशी उठून रडायची. लेहूनच्या छातीला भेगा पडल्या. ती दात आवळून पाजायची. तिळाच्या तेलात आलं परतून केलेली कोंबडी, त्यात तांदळाची दारू, असं बाळंतिणीचं जेवण तिला दोन्ही वेळ मिळत होतं. दूध भरपूर होतं. ते पोरीच्या पोटात तेवढं जात नव्हतं. जन्मल्यावर गुबगुबीत असलेल्या मांड्यांची कातडी आता सैल झाली होती, बापाची विजार मुलाला घातल्यासारखी.

मुलगी रडली की जिभेचं टोक मधोमध खाली ओढलं जायचं आणि तिथे खाच पडायची. ते पहिल्यांदा पाहिलं शेजारच्या स्वातने, आणि स्वातने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं.

"थोताई, पोरीची जीभ खाली धरलीय कुणीतरी."

"दिसतंय मला."

"मुलगीच आहे म्हणा. बाईची जीभ जरा बांधलेली असली तर सासरी सुख लागतं."

"तुझी मोकळी राहिली म्हणून तुझ्या सासरचे शहरात पळाले," थोकाकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दार लावल्यावर त्यांनी विचार केला. गाठीने बांधलं, तर गाठ सोडल्यावर सुटेल. हा विचार तसा सरळ होता. त्यांनी आधी शिंपल्यांच्या माळा सोडायला घेतल्या, पण त्या बांबूंवर जाऊन पडल्या होत्या आणि भरती आली होती. मग त्यांनी घरातल्या गाठींना हात घातला. वाळत घालायची दोरी सोडली, लाकडांच्या मोळ्या सोडल्या, मच्छरदाणीचे कोपरे सोडले, खारवलेल्या मुळ्याच्या बरण्यांवरची फडकी सोडली. लेहूनच्या वेणीची दोरी सोडली. शेवटी डुकराची दोरी सोडली.

सकाळी डुक्कर स्वातच्या रताळ्यांत सापडलं. कपडे चिखलात होते, बरण्यांत मुंग्या होत्या, लेहूनला सगळ्या अंगावर डास चावले होते. मुलगी टक्-टक् करत होती.

"आई," लेहून पलंगावरून म्हणाली, "आता घरात सोडायचं काही राहिलं का?"

"तुझ्या विजारीची नाडी."

"ती मी सोडणार नाही."

"नको सोडूस. सुईणीला बोलावते."

गावची सुईण तेव्हा सत्तरीला टेकली होती. तिने करंगळी पोरीच्या तोंडात घातली, जीभ वर उचलून पाहिली आणि बोट विजारीला पुसलं. जिभेखाली एक पातळ पडदा असतो, तो हिला टोकापर्यंत आलाय, म्हणाली. पूर्वी ती असले पडदे नखानेच फाडायची. त्यासाठी एक नख वाढवून ठेवलेलं असायचं. आता नजर गेली होती आणि तसं करायला सरकारने बंदीही घातली होती. त्यामुळे नख कापून टाकलं होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं.

"बाजारच्या गावात सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय. क्वा म्हणून. तो कात्रीने करतो. बाळाला, शाळेतल्या पोरांना, सगळ्यांना. पैसेही फार घेत नाही."

"फार नाही म्हणजे?"

"शेवयांची एक वाटी खाल्लीस, वर एक अंडं घेतलंस, तेवढे."

थोकाकूंचा चेहरा पडला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात याच कामाला तीन दिवस ठेवून घेतात, भूल देतात आणि एका होडीच्या मोटरीचे पैसे घेतात, हे त्यांनी ऐकलं होतं. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. मुलगा ग्वानतिक हिंदी महासागरात टूना पकडायला गेला होता आणि त्याचा पगार बोट परत आल्यावर मिळायचा होता. म्हणजे स्वस्त डॉक्टरकडेच जाणं भाग होतं. पण शेवयांच्या भावात जीभ कापायची म्हणजे कुठली जीभ कापली जाईल, याचा काय भरवसा? शेवयांच्या वाटीत तरी काय येतं आपण पाहतोच.

त्यावर उपाय होता, आणि तो काही नवा नव्हता. दवाखान्याचं शुल्क दवाखान्याला द्यायचं. डॉक्टरच्या हाताची किंमत लाल पाकिटात घालून डॉक्टरच्या हातात द्यायची. तेव्हा सगळे द्यायचे. कुणी त्याला लाच म्हणत नसे. लग्नात देतो, नव्या वर्षाला पोरांना देतो, तसंच हे. डॉक्टरने पाकीट घेतलं की आपला माणूस त्याच्या पदरात पडला. आणि नाही घेतलं तर काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. जो माणूस हातचा जाणार, त्याच्या घरच्यांचे पैसे कुठलाही भला डॉक्टर घेत नाही.

लेहूनचा महिना अजून पुरा व्हायचा होता. महिनाभर बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, वारं अंगात शिरतं. म्हणून थोकाकू एकट्याच बाळाला घेऊन निघाल्या. बाळाच्या दुपट्यात तांदूळ आणि मीठ यांची पुरचुंडी खोचली, वर छत्री धरली आणि रस्त्यात मात्सूआईच्या देवळापाशी थांबून समुद्रमातेच्या कानावर सगळं घातलं.

डॉक्टर क्वा तरुण होते. कान मोठे, मान बारीक, पांढऱ्या डगल्याला इस्त्री. तायपेहून आले होते. त्यांच्या मागे भिंतीवर ठळक अक्षरांत एक पाटी होती. थोकाकूंना वाचता येत नव्हतं. थुंकू नये, असं काहीतरी असेल, असं त्यांनी धरलं.

डॉक्टरांनी बाळाची जीभ चमच्यासारख्या हत्याराने उचलून पाहिली.

"चिकटलीय. साधं काम आहे, काकू. दूध ओढताना त्रास होतो ना?"

"फार."

"कापलं की लगेच छातीला लावायचं, त्याने बाळ शांत होतं आणि रक्तही थांबतं. हिची आई कुठाय?"

"महिना झाला नाही तिचा."

"आईला आणावं लागेल. उद्या आणा."

थोकाकूंनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. डॉक्टर हसले. त्यांनीही दोन्ही हात पुढे केले, पाकीट थोकाकूंच्या बोटांमध्ये परत बसवलं आणि वरून हलकेच दाबलं.

"हे राहू द्या, काकू. घरी घेऊन जा."

थोकाकू तशाच उभ्या राहिल्या. काही वर्षांपूर्वी शहरातल्या इस्पितळात एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांचं पाकीट असंच परत केलं होतं. असंच दोन्ही हातांनी, असंच हसून, असंच वरून दाबून. त्या पाकिटाच्या पैशांतून थोकाकूंनी नवऱ्याला घरी आणायला भाड्याची गाडी केली होती, आणि उरलेल्यांतून पुढचा खर्च झाला होता.

डॉक्टर क्वा पुढे बरंच बोलले. सकाळी लवकर या, बाळाला उपाशी आणा म्हणजे लगेच ओढेल, घाबरायचं काही नाही. थोकाकूंना ओठ हलताना दिसले. त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला, छत्री न उघडता उन्हातून चालत आल्या आणि बस गेल्यावर थांब्यावर पोचल्या.

घरी आल्यावर त्यांनी पाकीट देव्हाऱ्यात नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवलं. मग अंगणात जाऊन अंडी देणारी कोंबडी धरली. ती कोंबडी गेल्या दोन सणांना वाचली होती.

लेहून पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. "कापलं का? तोंडात तर काही दिसत नाही."

"नाही कापलं."

"का?"

"तू जेव आधी."

"आई, ती कोंबडी तर अंडी देत होती."

थोकाकूंनी ताट पुढे सरकवलं. लेहूनने मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं. लाल पाकीट तिथे होतं. तीही याच किनाऱ्यावर वाढलेली. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने बाळाला उचलून घेतलं. बाळ जागं झालं, तोंड वळवून शोधू लागलं, छातीला लागलं. टक्-टक्-टक्. दूध मानेवरून वाहिलं. लेहूनने ते पुसलंही नाही.

मग ती म्हणाली, "किती घातले होते पाकिटात?"

थोकाकूंनी सांगितलं.

"बस्स? एवढेच?"

"शेवयांचं काम म्हणून..."

"आई! लग्नाला कुणी एवढं घातलं तर आपण वर्षभर नावं ठेवतो. तायपेचा माणूस तो. त्याला अपमान वाटला असेल. पाकीट पातळ होतं म्हणून परत केलं."

थोकाकूंनी याचा विचार केला नव्हता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून शहाणी आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ते बोलायची वेळ आली नव्हती.

"तसं असेल म्हणतेस?"

"असेल नाहीतर नसेल. जाड करून नेऊ. मी येते."

"तुझा महिना..."

"महिना माझा. पोरगी पण माझीच."

"वारं लागेल. म्हातारपणी सांधे धरतील."

"धरू देत. तेव्हा ही मोठी झालेली असेल, ती चेपून देईल."

थोकाकूंनी ट्रंक उघडली. ग्वानतिकने जाताना ठेवलेले, स्वतःच्या कफनासाठी बाजूला काढलेले, देवळाच्या जत्रेसाठी वर्गणीचे, असे सगळे पैसे एकत्र केले. पाकिटाचं तोंड मिटेना, तेव्हा भाताच्या शिताने चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेहून घराबाहेर पडली. ज्येष्ठातलं ऊन होतं. तिच्या डोक्याला दोन टॉवेल, त्यावर लोकरी टोपी, अंगात ग्वानतिकचे दोन स्वेटर, वरून पावसाळी डगला, पायांत चिखलात जायचे रबरी बूट. नाकाचा शेंडा तेवढा उघडा होता, तोही थोकाकूंना पसंत नव्हता. स्वात दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि थोकाकूंकडे पाहून परत मिटलं. बसमध्ये दोघीतिघी उठून मागे गेल्या आणि सासूसुनांना अख्खी बाकं मोकळी मिळाली. अशा घामात कसलं वारं शिरणार होतं, देव जाणे.

दवाखान्यात बाकावर पाच-सहा माणसं होती. त्यांनी ते बोचकं येताना पाहिलं आणि गुमान पुढचा नंबर देऊन टाकला.

डॉक्टर क्वांनी कात्री उकळत्या पाण्यातून काढून ठेवली होती. "आलात, छान. बाळ उपाशी आहे ना? ताई, तुम्हाला थंडी वाजतेय का?"

लेहूनने डगल्यातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पाकिटाकडे पाहिलं आणि एका बोटाने ते तिच्याकडे सरकवलं. लेहूनने परत सरकवलं. डॉक्टरांनी परत सरकवलं, या वेळी जरा जोर लावून. ते लेहूनच्या बाजूने खाली पडायला आलं, तेव्हा थोकाकूंनी वरच्यावर झेललं आणि पुन्हा डॉक्टरांसमोर ठेवलं. बाकावरची माणसं माना पुढे काढून पाहत होती.

"अहो ताई, मला पगार मिळतो!" डॉक्टरांचे कान लाल झाले. "मी कुणाचंच घेत नाही. ती पाटी काय उगाच लावलीय?"

"जाड आहे," लेहून म्हणाली. "हात लावून बघा."

"जाड असो नाहीतर पातळ. नाही घेणार."

लेहूनने टोपी काढली. दोन्ही टॉवेल काढले. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"मग खरं सांगा, डॉक्टर. किती दिवस आहेत?"

"कशाचे?"

"हिचे."

डॉक्टर क्वांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग लेहूनकडे, मग थोकाकूंकडे. थोकाकू भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होत्या. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, पण चेहरा होता तसाच होता.

"ही ठणठणीत आहे," डॉक्टर हळू म्हणाले. "जिभेखाली एक पडदा आहे, त्याच्यावर एकदा कात्री चालवायची. ऐंशी वर्षं जगेल ही. तुम्हाला कोणी सांगितलं की..."

"तुम्ही सांगितलंत," थोकाकू म्हणाल्या. "पाकीट परत केलंत."

"परत केलं म्हणजे नको म्हणून परत केलं!"

"आमच्याकडे त्याला दुसरा अर्थ असतो, डॉक्टर. आमच्या गल्लीतले बिंगआजोबा, त्यांचंही परत केलंत ना?"

"बिंग? अंतर्गळ झालेले? हो. त्यांना ऑपरेशनची तारीख दिली होती मी. ते आलेच नाहीत. मला वाटलं..." डॉक्टर थांबले.

"काय वाटलं?"

"त्यांना आराम पडला असेल."

"त्यांनी बैल विकला. गाडी पुतण्याला दिली. शवपेटी आणून ओसरीत ठेवलीय, संध्याकाळी आत आडवे होऊन बघतात, खांद्याला नीट बसते का म्हणून. आता पुतण्या विचारतो, काका, अजून किती?"

बाकावरचा एक माणूस हसला आणि लगेच थांबला, कारण त्याचंही पाकीट डाव्या खिशात होतं. त्याने चाचरत विचारलं, "म्हणजे डॉक्टर, माझ्या मेव्हणीचं पण तसंच होतं का? पित्ताच्या खड्यांची? तिने मुलींमध्ये सोनं वाटून टाकलंय."

डॉक्टर क्वा खुर्चीत बसले. आल्यापासूनचे महिने त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. तपासलेले, तारीख दिलेले आणि पुन्हा न आलेले सगळे. या गावांचं हवापाणी फार चांगलं आहे, असं त्यांनी घरी कळवलं होतं.

"पण मी शपथ घेतलीय," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "घेतलं तर मी बाकीच्यांसारखाच झालो. आणि तुमचे तर हे सगळे पैसे दिसतायत."

"सगळे आहेत," थोकाकू म्हणाल्या.

"मग मी कसे घेऊ?"

"नाही घेतलेत तर मी हिच्या तोंडात कात्री घालू देणार नाही. तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण नाही घालू देणार."

हे ऐकायला वेडगळ वाटलं तरी थोकाकू मनापासून बोलत होत्या, आणि डॉक्टरांना ते दिसत होतं. टेबलावर एका बाजूला कात्री होती, एका बाजूला पाकीट. मध्ये मुलगी जागी झाली आणि भुकेने रडायला लागली. तोंड उघडल्यावर जिभेची खाच दिसली. लेहूनच्या डगल्याखाली दोन्ही बाजूंनी दूध झिरपून स्वेटर भिजले.

लेहूनच बोलली. पोर रडत होती म्हणून तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात हिचा महिना भरतो. आमच्याकडे तेलातला भात आणि लाल अंडी असतात. तुम्ही जेवायला या."

"जेवायला?"

"महिन्याच्या जेवणाला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. बाळाच्या मुठीत पाकीट ठेवतो. कुणी काय ठेवायचं, ते ज्याचं तो ठरवतो. कोणी पातळ ठेवतं, कोणी जाड."

डॉक्टरांनी पाकिटाकडे पाहिलं, मग बाळाच्या मुठीकडे.

"म्हणजे आत्ता मी हे घ्यायचं," डॉक्टर म्हणाले.

"घ्यायचं."

"आणि पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्याचं पुढच्या आठवड्यात. आत्ता घ्या, डॉक्टर, पोरीचा घसा बसेल."

डॉक्टर क्वांनी पाकीट उचललं. ते डगल्याच्या वरच्या खिशात ठेवू लागले.

"आतल्या," थोकाकू म्हणाल्या. "आतल्या खिशात. वरच्यातून पडतं."

त्यांनी आतल्या खिशात ठेवलं, गुंडी लावली आणि कात्री हातात घेतली. नर्सने बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून डोकं धरलं. थोकाकूंनी डोळे मिटले आणि मात्सूआईचं नाव घ्यायला सुरुवात केली. नाव पुरं व्हायच्या आत कात्री ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला.

"झालं."

"काय झालं?"

"कापलं."

"एवढंच?"

"एवढंच."

थोकाकूंना जरा फसवल्यासारखं वाटलं. रक्ताचा एक ठिपका कापसावर होता, लाल अंड्यावरचा रंग बोटाला लागावा तेवढा. मुलगी कर्कश रडली आणि त्या रडण्यात तिची जीभ खालच्या ओठावर आली. आजवर ती तिथवर आली नव्हती. थोकाकूंनी वाकून पाहिलं. बाकावरची माणसंही उठून आली होती. त्यांनाही दाखवण्यात आली.

"गर्दी नको, बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. "ताई, घ्या हिला. पाजा."

लेहून भिंतीकडे तोंड करून तपासणीच्या बाकावर बसली. थोकाकूंनी पावसाळी डगला तिच्यापुढे पडद्यासारखा धरला. लेहूनने सवयीने दात आवळले, खांदे वर घेतले आणि पोरीला छातीला लावलं.

काहीच आवाज आला नाही.

थोकाकू घाबरल्या. "घेत नाही का गं?"

लेहूनचे खांदे खाली आले. "घेतेय."

"मग आवाज कसा नाही?"

"घेतेय, आई. ओढतेय. दुखत नाहीये मला."

थोकाकूंनी डगल्याच्या कडेवरून डोकावलं. मुलीचे गाल आत-बाहेर होत होते. मधूनमधून घशात गुटुक व्हायचं आणि कानाच्या मागची शीर हलायची. हनुवटी कोरडी होती. थोकाकूंनी बोट लावून पाहिलं, खरंच कोरडी होती. त्यांनी तेच बोट डोळ्यांना पुसलं, आणि मग डगला पुन्हा सरळ धरला, कारण मेव्हणीवाला माणूस इकडे पाहत होता.

बराच वेळ झाला. पुढच्या माणसाने आत येऊन पाकीट पुढे केलं. डॉक्टर क्वांनी सुस्कारा टाकून ते घेतलं आणि याच्या घरी बारसं, लग्न, पन्नाशी, काय निघेल ते विचारायला सुरुवात केली. त्याला दोन फोड फोडून घ्यायचे होते आणि त्यासाठी बाक हवा होता.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "झालं का? बाक मोकळा करता?"

"तुमचं झालं असेल. तिचं चाललंय."

"बाहेर सावलीत बसून पाजता येईल."

"बाहेर वारं आहे," थोकाकू म्हणाल्या. "सून बाळंतीण आहे माझी." आणि त्या हलल्या नाहीत.

फोडवाला माणूस उभ्यानेच थांबला. लेहूनने डगल्याच्या आतून सांगितलं की ही बाजू रिकामी झाली.

"मग दुसरीकडे घे," थोकाकू म्हणाल्या. "घाई कसली आहे?"